ज्यांनी मत दिलं, त्यांना 'गुऱ्हाळ' शोधायचं नव्हतं : सॉफ्टवेअरच्या देखभाल मंडळास खुलं पत्र

आपल्या सामायिक वाचनालय-सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या मंडळातील सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मतदानानं झालेल्या एका बदलामुळे आमच्या पुस्तकांच्या नोंदी बिघडल्या. याच विषयावर मी तुम्हाला आधी खासगीत लिहिलं होतं. एका ओळीचं उत्तर आलं : "हा बदल मतदानानं झालेला आहे, मान्य नसेल तर उलटा प्रस्ताव मांडा." त्यानंतर दोनदा लिहिलं, त्याला उत्तर नाही. म्हणून आता हे सर्वांसमोर मांडते आहे. तुमच्याबद्दल मनात राग नाही. पण जे झालं ते इतर वाचनालयांना कळायला हवं, आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर कधी उघडूनही न बघता मत दिलं त्यांनाही कळायला हवं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावचं मराठी वाचनालय सांभाळते. दिवसभर पतसंस्थेत संगणकावर बसते आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडते. हे काम आधी माझे सासरे करायचे. ते गेले तशी किल्ली माझ्याकडे आली, आणि किल्लीबरोबर त्यांच्या हातच्या सात नोंदवह्या. निळ्या शाईतल्या, सुवाच्य अक्षरातल्या. पुस्तकं चार हजारांच्या वर. आमच्या बाजूचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. कणकुंबी-जांबोटीकडून एकदा लागला की कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते आणि वह्यांना बुरशी धरते. दोन वह्यांची पानं चिकटली, तेव्हा मी ठरवलं की हे सगळं संगणकावर घ्यायचं.

तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर मिळालं. फुकट होतं, मराठी आणि कन्नड दोन्हीत चालत होतं, जुन्या संगणकावर चालत होतं, आणि इंटरनेट गेलं तरी अडत नव्हतं. मी आणि कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली, आम्ही दोन वर्षं रोज संध्याकाळी वह्या टाइप केल्या. मराठी भाषांतरातल्या चुका मी कळवत गेले आणि तुम्ही त्या दुरुस्त करत गेलात. त्या काळी तुमच्यापैकी एकजण फोन करून विचारायचे, "ताई, हे असं केलं तर तुमच्याकडे काही बिघडेल का?" त्या एका प्रश्नामुळे या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास बसला होता.

मग तुमची सूचना आली. यापुढे सॉफ्टवेअरमधला प्रत्येक बदल खुल्या मतदानानं ठरणार. ज्यानं खातं उघडलं त्याला मत. प्रस्ताव सात दिवस खुला, अंगठा वर किंवा अंगठा खाली. सातव्या रात्री होकार जास्त असले की यंत्र स्वतःच तो बदल मूळ कोडमध्ये मर्ज करणार म्हणजे मिसळणार, आणि पुढच्या अपडेटबरोबर तो आमच्या संगणकांवर येणार. मधे कुणी माणूस बघणार नाही. 'पूर्ण पारदर्शक, पूर्ण लोकशाही' असं तुम्ही लिहिलं होतं. मलाही तेव्हा ते बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी नंदगडकडचे एक काका आले. त्यांचं घर गुळाचं. गुऱ्हाळावर कुठल्या दिवाळी अंकात काय आलंय, शेतीच्या मासिकात काय आलंय, ते सगळं आमच्याकडे विषयवार नोंदलेलं आहे आणि काका ते दर वर्षी हंगामाआधी मागतात. मी शब्द टाइप केला. एकही नोंद नाही. परत केला. नाही. मग पूर्ण यादी उघडून खाली खाली गेले, तर तिथे 'गुर्हाळ' होतं. काका चष्मा वर करून पडद्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे काय दिसूलालंय? आमचं गुऱ्हाळ कुठं गेलं की?"

गुऱ्हाळ एकटं गेलं नव्हतं. कुऱ्हाड, बिऱ्हाड, वऱ्हाड, पुऱ्या, दोऱ्या, नवऱ्या मुलाचे उखाणे, सगळ्यांचा तो अर्धचंद्रासारखा र गेला होता आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार येऊन बसला होता. 'सह्याद्रीच्या दऱ्या' म्हणून नोंदलेला विषय 'सह्याद्रीच्या दर्या' झाला होता. दरी कुठे आणि समुद्र कुठे! वाचकांच्या यादीत एका आज्जींचं आडनाव मोडलं होतं. कार्ड त्यांच्या हातात आणि पडद्यावर भलतंच नाव.

कारण शोधायला मला चार रात्री लागल्या. 'नोंदींमधली अदृश्य चिन्हं साफ करा' असा एक प्रस्ताव मतदानाला आला होता. मजकुरात न दिसणारी चिन्हं राहिली की शोध मंदावतो, फाइल वाढते, म्हणून ती एकदम काढून टाकावीत असं त्याचं म्हणणं. वाचणाऱ्याला त्यात वावगं काय दिसणार? न दिसणारा कचरा काढायला कोण नाही म्हणेल? होकार भराभर पडले.

पण त्यातलं एक चिन्ह कचरा नव्हतं. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची जगभर ठरलेली पद्धत. तिच्यात आपला हा ऱ्य-ऱ्ह मधला र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरा, साधा र, मग हलन्त, आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक जोडचिन्ह. ते डोळ्यांना दिसत नाही. पण 'इथे रफार करू नकोस, अर्धा र दाखव' हे संगणकाला तेच सांगतं. दोन्ही पद्धती प्रमाण मानलेल्या आहेत. आमच्या मुलींनी ज्या कीबोर्डवर टाइप केलं त्यातून दुसऱ्या पद्धतीनं अक्षरं उमटली. ते चिन्ह पुसलं की मागे उरतो र, हलन्त आणि ह, म्हणजेच रफार. आणि एकदा पुसलं की कुठल्या शब्दात ते होतं आणि कुठल्यात नव्हतं, हे संगणकाला परत कळत नाही. 'दर्या' बघून त्याला काय समजणार, की मूळ शब्द दरीचा होता की दर्यावर्दीचा?

बैलहोंगलकडे एका कन्नड वाचनालयात काम करणाऱ्या एक अक्का आहेत. सॉफ्टवेअरच्या निमित्तानं आमची ओळख झाली, आता घरोबा आहे. मी त्यांना फोन केला, तर त्या आधीच हैराण. कन्नडमध्ये 'रँक' हा शब्द नीट लिहायला हेच जोडचिन्ह लागतं. ते नसेल तर र चा अर्कावत्तू, म्हणजे कन्नडमधला रफार, होऊन तो पुढच्या अक्षरानंतर जाऊन बसतो आणि शब्द वाचवत नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं अख्खं कपाट त्यांनी त्या शब्दाखाली नोंदवलेलं होतं. माझ्याकडे निदान पेनड्राइव्हवर बॅकअप होता, सासऱ्यांच्या वह्या होत्या. त्यांच्याकडे बॅकअप जुना होता. गेल्या आठ महिन्यांतल्या नोंदी त्या आता एकेक पुस्तक हातात घेऊन तपासत आहेत.

मला सर्वांत जास्त लागलं ते हे. त्या प्रस्तावाखाली नकाराची मतं चारच होती. त्यातलं एक अक्कांचं. त्यांनी कन्नडमध्ये सविस्तर लिहिलं होतं, उदाहरण देऊन, की हे चिन्ह काढू नका. त्यांचं ते लिहिणं बरोबर होतं, संपूर्ण बरोबर होतं, आणि तुमच्या यंत्रानं ते एक मत म्हणून मोजलं. सॉफ्टवेअरचं नावही धड माहीत नसलेल्या कुणाचाही अंगठा त्याच्याइतकाच भरला.

ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही होते. पण चूक दाखवून देणारी व्यक्ती समोर उभी असताना तिचं म्हणणं ऐकायला माणूसच नव्हता, आणि तो तुम्ही ठरवून काढून टाकला होता.

दुसरी तक्रार मत कुणाचं याबद्दलची आहे, आणि ती लिहिताना मला माझ्याच माणसांबद्दल लिहावं लागणार आहे.

आमच्या शोधात एक नावांची जोडयादी होती. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, वेणुग्राम, यातलं काहीही टाइप केलं तरी सगळी पुस्तकं यायची. ही यादी अक्का आणि मी मिळून केलेली. तिच्यात राजकारण काही नव्हतं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बदललं. त्याआधी छापलेल्या पुस्तकांवर एक नाव आहे, नंतरच्या पुष्कळ पुस्तकांवर दुसरं. मुखपृष्ठावर जे छापलंय ते ग्रंथपालाला बदलता येत नाही. वाचकाला पुस्तकापर्यंत न्यायचं, एवढंच तिचं काम.

मतदान सुरू झाल्यावर कुणीतरी प्रस्ताव टाकला की मराठी यादीतून 'बेळगावी' काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरला, 'अस्मितेचा प्रश्न आहे, लिंक उघडा, मत द्या'. मला तो चार ग्रुपांतून आला, त्यातला एक सख्ख्या भावाकडून. एका रात्रीत मतं कुठल्या कुठे गेली. प्रस्ताव पास. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूनं तसाच संदेश फिरला आणि कन्नड यादीतून 'बेळगाव' गेलं. तोही पास. आता आमच्याकडे नव्या नावानं शोधलं तर जुनं पुस्तक मिळत नाही, त्यांच्याकडे जुन्या नावानं शोधलं तर नवं मिळत नाही. दोन्हीकडे वाचक रिकाम्या हातानं परत जातो.

मी माझ्या भावाला विचारलं, "तू कधी आमच्या वाचनालयात पुस्तक शोधलंयस?" तो गप्प बसला. तो पुण्यात असतो. त्याच्या भावना खऱ्या आहेत, आणि माझ्याही त्याच आहेत; आमच्या घरात सीमाप्रश्न हा जेवणाच्या ताटाबरोबर वाढलेला विषय आहे. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ती आठवण सासरे दर वर्षी सांगायचे. पण या यादीचा त्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. तो तिला चिकटवता आला, कारण तुम्ही दार असं उघडं ठेवलंत की आत काय आहे हे न बघता कुणीही येऊन हात वर करू शकतो.

आमच्या गावात दूध सोसायटी आहे, विकास सोसायटी आहे, वाचनालयाची कार्यकारिणी आहे. वार्षिक सभेला सगळं गाव येऊन बसतं, बोलतं, कधी भांडतंही. पण ठरावाला हात फक्त सभासदाचा वर होतो. बाहेरच्याला आम्ही तुच्छ मानतो असं नाही. उद्या सोसायटी बुडाली तर ज्याचं दूध अडकणार आहे त्यानं ठरवायचं, एवढाच त्यातला विचार. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबा-पणजोबांना हे उमगलं होतं.

इथे मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी सीमाभागातल्या प्रत्येक मराठी शिक्षकाला तोंडपाठ असते. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं होतं की वेगळ्या मातृभाषेची मुलं शाळेत ४० असली किंवा एका वर्गात १० असली, तरी त्यांना त्यांच्या भाषेतला शिक्षक द्यावा. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-अ आलं, त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं राज्यांना सांगितलं आहे. त्याची अंमलबजावणी कुठे, कशी झाली ते मी इथे काढत नाही, तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. पण त्या नियमाची बांधणी बघा. त्यात उरलेल्या वर्गाला विचारलेलं नाही की या दहांना शिक्षक द्यायचा का. दहा मुलं आहेत, त्यांना गरज आहे, मग शिक्षक द्या. बहुमत घेतलं असतं तर त्या दहांना कधीच काही मिळालं नसतं. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड माणसालाही नाही.

आमचा ऱ्ह हा तसा दहा मुलांचा वर्ग आहे. बैलहोंगलच्या अक्कांचा 'रँक' हाही.

तिसरी गोष्ट खोट्या खात्यांची. मतदानात भाग घेणाऱ्या खात्यांपैकी कितीतरी खाती त्याच आठवड्यात उघडलेली दिसतात, आणि त्यांनी मत देण्यापलीकडे काहीही केलेलं नाही. हे तुम्हीही बघू शकता. अशा गर्दीनं काय होऊ शकतं हे सगळ्या जगानं मार्च २०२४ मध्ये पाहिलं. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांवर असलेलं, आणि सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस. जिया तान या नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं मन लावून मदत केली, विश्वास मिळवला. मधल्या काळात इतर काही अनोळखी नावांनी त्या थकलेल्या माणसावर दबाव आणला, की तू हळू काम करतोस, दुसऱ्याच्या हाती दे. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि तो त्याच्या मागे लागला, म्हणून ते उघडकीला आलं. तिथे चोरांना अडीच वर्षं खपावं लागलं. तुमच्या पद्धतीत एक आठवडा आणि शंभर-दोनशे खाती पुरतील. आमच्या संगणकावर वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत.

त्यावरून आठवलं. 'सर्वाधिक वाचणारे वाचक' असा फलक आपोआप दाखवावा, नाव आणि घेतलेल्या पुस्तकांसकट, असा प्रस्ताव सध्या आघाडीवर आहे. कल्पना चांगल्या मनानं सुचलेली असेल. पण आमच्याकडे एक सून घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक घेऊन जाते आणि परत करताना पिशवीत गुंडाळून आणते. तिचं नाव फलकावर लावायचं की नाही, हे कुठल्याच बहुमताला ठरवता येणार नाही. तो प्रस्ताव थांबवा. यावर मी अधिक लिहीत नाही.

ळ बद्दल मात्र लिहायला हवं, कारण त्याचं मतदान या शनिवारी संपतं आहे. यादी लावताना अक्षरांचा क्रम युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे सरळ घ्यावा, म्हणजे काम वेगानं होईल, असा तो प्रस्ताव आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच मागोमाग बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि कन्नडच्या वर्णमालेतही ह नंतरच येतो. आमच्या वहीत 'काहूर' संपलं की 'काळ' सुरू होतो. उद्यापासून तो 'काल'ला चिकटेल. ज्यांना ळ उच्चारायचीच सवय नाही त्यांना यात काही बिघडलेलं दिसणार नाही. पण वही आणि पडदा शेजारी ठेवून मी पुस्तकं ताडून बघते तेव्हा मला रोज दिसेल. इतकी भांडणं असलेल्या या पट्ट्यात मराठी आणि कन्नड ज्या एका गोष्टीवर पहिल्यापासून एकमत आहेत, ती ही ळ ची जागा. ती तरी मोडू नका.

तुम्ही म्हणाल, मग ठरवायचं कुणी? दोन-चार जणांनी बंद खोलीत? तसं मी म्हणत नाही. मोठमोठी सामायिक सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं चालली आहेत आणि त्यांतही मतदान होतं. कसं होतं ते बघा.

डेबियन ही लिनक्सवरची एक सामायिक संगणक-प्रणाली. तिच्यात मत असतं, पण ते काम करून ओळख पटवलेल्या डेव्हलपरांना. मतपत्रिकेवर पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि यातलं काहीच नको असा पर्यायही असतो. २०१४ मध्ये संगणक सुरू करणाऱ्या सिस्टमडी या भागावरून त्यांच्यात केवढा वाद पेटला होता. शेवटी नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा जिंकलेला पर्याय काय होता, तर या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही. अपाची या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रकल्पांत कोडच्या बदलाला एका हक्काच्या सदस्यानं उणे एक, म्हणजे नकार, दिला तर तो बदल अडतो, मग होकार कितीही असोत. अट एकच, नकारामागे तांत्रिक कारण सांगायचं. अक्कांनी नेमकं तेच केलं होतं. अपाचीत त्यांच्यासारख्या सदस्याच्या एका नकारानं बदल थांबला असता.

आणि आपल्याच क्षेत्रातलं कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, २००० च्या जानेवारीत वापरात आलं, आणि आज जगभरची ग्रंथालयं ते वापरतात. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिथे कुणीही बदल सुचवू शकतं. मग दुसऱ्या कुणीतरी तो स्वतः चालवून बघायचा आणि त्यावर आपल्या नावानं सही करायची. मग गुणवत्ता तपासणारा गट बघतो. मग त्या आवृत्तीचा व्यवस्थापक तो आत घेतो, आणि त्या व्यवस्थापकाला समुदायानं निवडलेलं असतं. माणूस निवडायला मत, आणि बदल तपासायला माणूस. मला हे समजायला सोपं गेलं, कारण आमच्या वाचनालयातही असंच आहे. कार्यकारिणी आम्ही निवडतो. पण कुठलं पुस्तक विकत घ्यायचं यावर चौकात हात वर करायला सांगत नाही.

तुम्ही आणलेली पद्धतही याआधी कुणी करून पाहिली नाही असं नाही. २०१७ साली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर असा प्रयोग झाला होता. कुणीही बदल सुचवावा, कुणीही मत द्यावं, मतं पुरेशी झाली की यंत्रानं तो आपोआप आत घ्यावा. करणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं केऑस. गोंधळ. काय होतं ते बघायचं, हाच त्याचा उद्देश होता आणि तो त्यांनी नावातच सांगितला होता. त्याच्यावर कुणाच्या गावचं वाचनालय टेकलेलं नव्हतं.

तुम्ही हे का केलंत याची मला थोडीफार कल्पना आहे. तुम्ही तिघं-चौघं आहात. नोकरी-संसार सांभाळून रात्री हे काम करता, त्याचे पैसे नाहीत, आणि एखादी मागणी नाकारली की लोक तोंडाला येईल ते बोलतात. मतदानानं ते ओझं उतरलं असणार. पतसंस्थेत कर्ज नाकारायची चिठ्ठी लिहायला मला सांगतात तेव्हा मलाही वाटतं की ही सही दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं. पण ओझं उतरलं ते हवेत गेलं नाही. ते बैलहोंगलला अक्कांच्या टेबलावर येऊन पडलंय, आठ महिन्यांच्या नोंदींच्या रूपानं. आणि त्यांनी विचारावं तर कुणाला? ज्या शेकडो अंगठ्यांनी होकार दिला त्यांतल्या एकालाही त्यांचा फोन जाणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या लिहिते. आमच्या म्हणते आहे, कारण खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी आणि निपाणीकडच्या मिळून नऊ वाचनालयांशी बोलून हे ठरलं आहे. त्यांतली चार कन्नड आहेत.

१. आपोआप मर्ज आजच बंद करा. ळ चा आणि वाचक-फलकाचा, हे दोन्ही प्रस्ताव स्थगित ठेवा.

२. 'अदृश्य चिन्हं' हा बदल मागे घ्या, आणि ज्यांच्या नोंदी बिघडल्या त्यांना त्या परत मिळवून द्यायला मदत करा. मोडलेल्या मराठी शब्दांची दुरुस्त यादी मी केली आहे, ती कुणालाही देईन. कन्नडची अक्का करत आहेत. नावांची जोडयादी दोन्ही भाषांत पूर्वीसारखी करा.

३. मत ठेवायचं तर ते वापरणाऱ्यांचं ठेवा. वाचनालयामागे एक मत, ओळख पटवून. बाकीच्यांना सुचवू द्या, बोलू द्या. त्यांच्या सूचना मोलाच्या असतात.

४. एखाद्या भाषेच्या लिपीला, क्रमाला, नावांना हात लावणारा बदल त्या भाषेत काम करणाऱ्या निदान दोन माणसांनी चालवून बघितल्याशिवाय आत घेऊ नका. कारणासह दिलेला त्यांचा नकार मतांनी ओलांडता येणार नाही असा नियम करा. युनिकोडची मंडळी महिन्यांची, देशांची नावं प्रत्येक भाषेत कशी लिहायची हे त्या त्या भाषेच्या लोकांकडूनच ठरवून घेतात, तसं.

५. वाचकांची खासगी माहिती आणि आधीच्या नोंदी कायमच्या पुसणारे बदल, हे विषय मतदानाला कधीच ठेवू नका. नोंदी बदलणाऱ्या प्रत्येक अपडेटआधी सॉफ्टवेअरनं स्वतः बॅकअप घ्यावा.

६. आत घेतलेल्या प्रत्येक बदलाखाली तो तपासणाऱ्याचं नाव असू द्या. त्याला दोष द्यायला नको, फोन करायला हवंय.

तुमचं काम वाढेल हे आम्हाला कळतं. मराठीची तपासणी मी दर सोमवारी रात्री करीन. कन्नडची अक्कांनी अंगावर घेतली आहे. निपाणीच्या वाचनालयात एक तरुण मुलगा आहे, त्याला कोड वाचता येतं, तोही तयार आहे. आम्ही तिघं तुम्हाला धरून राहू, पण मधे माणूस बसवा.

येत्या रविवारी सकाळी अकराला आम्ही नऊ जण खानापुरात जमतो आहोत. तुमच्यापैकी कुणी येऊ शकलं तर एसटी स्टँडवर न्यायला मी येईन, नाही तर फोनवर तरी या. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, आमच्यात दोन्ही समजणारी माणसं आहेत. त्या दिवशी आमच्याकडे एका पानावर बिघडलेल्या शब्दांची यादी असेल. पहिला शब्द गुऱ्हाळ आहे, आणि काकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो.

आपली,
खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल